सोडल्यावर काय झाले?

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तेलाने माखलेले पक्षी धुऊन तू थकून परतलीस आणि लगेच कुणीतरी तुला ऐकवले की त्यांतले बहुतेक सुटकेनंतर मरतातच, तेव्हा त्यांना वेदना न होता मारून टाकणे अधिक दयेचे ठरले असते. ही खटपट व्यर्थ आहे का, असे तू विचारतेस. तुझी घालमेल मला समजते, पण असा सरसकट प्रश्न ऐकला की माझा संयम सुटतो. पक्षी कोणता होता, तेल लागल्यानंतर किती वेळाने तो हाती आला आणि सोडल्यावर त्याचे काय झाले, हे ठाऊक नसताना कुणी दिलेला निकाल मी मानत नाही.

तुला ऐकवणारा माणूस खोटे बोलत नव्हता. 1996 मध्ये उत्तर अमेरिकेतील, ओळखीसाठी क्रमांकाची रिंग घातलेल्या पक्ष्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा धुऊन सोडलेल्या आणि पुढे मृत सापडलेल्या गिलेमॉट या समुद्री पक्ष्यांतले बहुतेक सुटकेनंतर काही दिवसांतच मेल्याचे दिसले. 1989 मध्ये अलास्कात एक्झॉन वाल्डेझ जहाजातून तेल सांडले, त्यानंतर साडेतीनशेच्या आसपास समुद्री पाणमांजरे उपचारांसाठी आणली गेली. त्यांतली सुमारे दोनशे पुन्हा समुद्रात सोडता आली आणि प्रत्येकामागे 80,000 डॉलरहून अधिक खर्च झाला. शरीरात ट्रान्समीटर बसवून सोडलेल्यांपैकी अनेक पुढे दगावली किंवा बेपत्ता झाली. 2010 च्या मेक्सिकोच्या आखातातील गळतीच्या वेळी एका जर्मन जीवशास्त्रज्ञाने पक्षी धुण्यापेक्षा मारावेत असे जाहीरपणे म्हटले, ते अशाच आकड्यांच्या आधारावर.

पण हे आकडे आले कुठून, याचा विचार कर. कुणीतरी रिंगा आणि ट्रान्समीटर घालून सोडल्यावर काय झाले ते पाहिले, म्हणून ते आले. त्याच पद्धतीने दक्षिण आफ्रिकेत पाहिले गेले, तेव्हा चित्र पूर्ण वेगळे निघाले. 1994 मध्ये अपोलो सी हे जहाज बुडाले, तेव्हा तेलात सापडलेल्या सुमारे 10,000 आफ्रिकन पेंग्विनांपैकी जेमतेम निम्मे वाचले. जून 2000 मध्ये ट्रेझर जहाज केप टाउनजवळ बुडाले, तेव्हा सुमारे 19,000 माखलेले पेंग्विन आणले गेले आणि त्यांतले जवळजवळ 90 टक्के वाचले. शिवाय तेल न लागलेले 19,500 पेंग्विन आधीच पकडून शेकडो किलोमीटर दूर पोर्ट एलिझाबेथजवळ सोडण्यात आले. ते पोहत घरी परतेपर्यंत किनारा साफ करायला अवधी मिळाला. तेल लागण्याआधी पक्षी उचलणे हा मला या साऱ्या कामातला सर्वांत शहाणपणाचा भाग वाटतो, आणि छायाचित्रांत तोच कधी दिसत नाही. पुढची अनेक वर्षे रिंगा वाचल्या गेल्या आणि धुतलेले पेंग्विन जवळजवळ इतरांइतकेच जगतात असे दिसून आले. पिले वाढवण्यात मात्र ते काहीसे मागे पडले, हेही त्याच नोंदींनी सांगितले.

हा फरक कुठून येतो? पिसांचे बारीक तंतू एकमेकांत अडकून पाण्याला अडवतात. तेलाने ती वीण मोडली की थंड पाणी कातडीला भिडते, पक्षी गारठतो, चोचीने पिसे साफ करताना तेल गिळतो, आणि मग आतडी, यकृत व रक्त यांवर परिणाम होतो. गिलेमॉट विणीचा काळ सोडला तर समुद्रातच राहतो. तो किनाऱ्याला लागतो तेव्हा बहुधा आधीच उपाशी आणि अर्धमेला असतो. पेंग्विन दणकट असतो, स्वतः चालत किनाऱ्यावर येतो आणि माणसाच्या हाताळणीनेही तो त्या मानाने कमी खचतो. म्हणूनच आणलेल्या पक्ष्याला लगेच टबात घालू नये. आधी ऊब, पाणी आणि अन्न देऊन सावरू द्यावे. साबण पूर्ण निघेपर्यंत धुवावे, कारण राहिलेला साबणही पिसे पाणी धरतील इतकी बिघडवतो. हे तुला शिकवले असेलच.

जे बहुधा शिकवले नसेल ते मी पुन्हा सांगते: सोडल्यावर काय झाले, ते विचार. सुटकेचा दिवस सर्वांना आवडतो. कॅमेरे येतात, पिंजरा उघडतो, आकडा जाहीर होतो. तो आकडा फक्त सोडलेल्यांचा असतो, वाचलेल्यांचा नसतो. मी ज्या केंद्रात उमेदीची वर्षे घालवली तिथे रिंगांसाठी मागितलेले पैसे दर वेळी 'पुढच्या खेपेला पाहू' असे म्हणून नाकारले गेले. त्यामुळे माझ्या हातून गेलेल्या पक्ष्यांचे काय झाले हे मला कधीच कळणार नाही, आणि ही खंत जात नाही. मी हट्टी आणि एकसुरी आहे असे लोक म्हणतात. असेन. पण ज्यांनी मोजलेच नाही त्यांनी मला भावनाप्रधान म्हणावे, हे मी ऐकून घेणार नाही.

एवढ्या पैशांत अधिवास वाचला असता, हा आक्षेपही तुझ्यापुढे येईल. अमेरिकेत 1990 च्या कायद्यानुसार या बचावाचा खर्च तेल सांडणाऱ्याकडून वसूल होतो. पक्षी धुतले नाहीत म्हणून तो पैसा आपोआप जंगलाकडे वळत नाही. आफ्रिकन पेंग्विनांची संख्या आज मुख्यतः मासे घटल्यामुळे कोसळते आहे आणि 2024 मध्ये ती जात अतिसंकटग्रस्त ठरवली गेली. हे मासेमारी आवरण्यासाठी पुरेसे कारण आहे. धुणे थांबवण्यासाठी मी ते कारण मानत नाही. जोड्या इतक्या कमी उरल्यावर प्रत्येक प्रौढ पक्षी मोलाचा होतो.

आणि ज्याच्या जगण्याची आशा नाही, त्याला पशुवैद्याने दयामरण द्यावे. ते करताना डोळे भरले तरी हरकत नाही, पण केवळ सुटकेचा आकडा फुगावा म्हणून त्याला धूत बसणे क्रूर आहे.

तुझ्या केंद्रात कोणत्या जातीचे पक्षी होते, ते किती तासांनी हाती आले आणि त्यांना रिंगा घातल्या होत्या का, हे मला सविस्तर लिही. घातल्या नसतील तर केंद्रप्रमुखांना जाऊन भेट. ते टाळाटाळ करू लागले, तर हे पत्र त्यांच्यापुढे ठेवायला माझी काहीच हरकत नाही.

कळावे.