वाचकांचे प्रश्न : पर्यायी प्रथिनांचा विद्यार्थी-प्रकल्प

प्रश्न : आम्ही अन्नतंत्रज्ञानाच्या तिसऱ्या वर्षाला आहोत. मांस-दुधाला पर्याय म्हणून वनस्पतींचं प्रथिन वेगळं करतोय : पीठ अल्कलीच्या पाण्यात ढवळून गाळ काढतो, मग आम्ल घालून प्रथिन खाली बसवतो आणि सुकवतो. पिवळ्या वाटाण्याच्या ५० ग्रॅम पिठातून जेमतेम ३ ग्रॅम प्रथिन-पावडर मिळते, आणि तीही पाण्यात विरघळत नाही. चुकतंय कुठे?

उत्तर : अशा पिठात प्रथिन २० ते २५ टक्के असतं, म्हणजे ५० ग्रॅममध्ये ११ ग्रॅमच्या आसपास. त्यातलं निम्म्याहून जास्त हाती यायला हवं. गळती होते ती मुख्यतः दोन ठिकाणी : पहिल्या सेंट्रिफ्यूजनंतर खाली बसलेल्या स्टार्च-तंतूंच्या गाळात, किंवा शेवटी ओतून दिलेल्या आंबट पाण्यात. दोन्ही जपून ठेवा आणि दोन्हींतला नायट्रोजन केल्डाल पद्धतीने मोजा, त्यावरून प्रथिन काढता येतं. रंगावरून प्रथिन मोजणारी ब्रॅडफर्ड चाचणी विरघळलेलं प्रथिनच दाखवते, गाळासाठी तिचा उपयोग नाही.

गाळात जास्त सापडलं, तर विरघळवणं कमी पडलंय. पीठ वस्त्रगाळ हवं. ५० ग्रॅमला ५०० मिली पाणी घ्या, पीएच ९ ठेवा आणि तासभर ढवळा. ढवळताना पीएच हळूहळू उतरतो. दर दहा मिनिटांनी बघून सोडिअम हायड्रॉक्साइडच्या थेंबांनी तो परत ९ वर आणा. बरेच जण सुरुवातीला एकदाच पाहतात, तिथेच घात होतो. गाळ आणखी एकदा पाचपट पाण्यात ढवळला तर बरंच सुटतं. घाईने पीएच ११ वर मात्र नेऊ नका : उतारा वाढतो, पण रंग काळवंडतो आणि लायसिनोॲलॅनिन तयार होऊन लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल वाया जातं. सेंट्रिफ्यूजचंही तपासा. कृतीत ४,००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या ४,००० पट जोर) लिहिलेलं असतं आणि मशीनवर आकडा मिनिटाच्या फेऱ्यांचा असतो. रोटरची त्रिज्या १० सेंमी असेल तर ४,००० जी म्हणजे सुमारे ६,००० फेरे, ४,००० नव्हे.

आंबट पाण्यात जास्त सापडलं, तर पीएच ४.५ वर नीट स्थिरावला नसावा. आम्ल थेंबाथेंबाने घाला आणि मीटर त्याच दिवशी बफरने (ठरावीक पीएचच्या द्रावणाने) कॅलिब्रेट करा. अल्ब्युमिन या प्रकारच्या प्रथिनाचा हिस्सा मात्र या पीएचला खाली बसतच नाही, तो जाणारच.

न विरघळण्याचं कारण बहुधा सुकवण्यात आहे. साका (खाली बसलेलं प्रथिन) धुऊन, थोड्या पाण्यात कालवून पीएच ७ वर आणल्याशिवाय सुकवू नका, आणि ८० अंशांच्या ओव्हनमध्ये तर नकोच. फ्रीज-ड्रायर उत्तम. अहवालात नायट्रोजनचा गुणक (नायट्रोजनवरून प्रथिन काढताना ज्याने गुणतात तो आकडा) लिहायला विसरू नका : ६.२५ ने ८० टक्के भरणारी पावडर ५.४ ने ६९ टक्केच भरते.

प्रश्न : सोया दाण्यांच्या पॅटीत बांधून ठेवायला २ टक्के मेथिलसेल्युलोज घालूनही ती तव्यावर फुटते.

उत्तर : मेथिलसेल्युलोज थंड पाण्यात विरघळतं आणि साधारण ५० ते ६० अंशांना आवळतं. कोमट पाण्यात टाकलं की गुठळ्या होतात आणि आतली पावडर कोरडीच राहते. आधी ती तेलात कालवा, मग बर्फाचं पाणी घालून घोटा आणि अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. चमचाभर जेल ७० अंशांच्या पाण्यात धरून पाहा. तो घट्ट झाला तर दोष दाण्यांचा : नीट न भिजलेले दाणे जेलमधलं पाणी ओढून घेतात. (रसायनांच्या प्रयोगशाळेत बनवलेलं काहीही चाखू नये. चाखायचं असेल तर वेगळं स्वयंपाकघर, वेगळी भांडी आणि खाद्यदर्जाचा माल.)

प्रश्न : पेशीसंवर्धित (प्राण्यांच्या पेशी वाढवून बनवलेल्या) मांसावर काम करायचंय, पण विभागात पेशींची प्रयोगशाळा नाही.

उत्तर : मग पेशी वाढवायच्या फंदात पडू नका. जैवसुरक्षा कॅबिनेट, ३७ अंश व ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचा इनक्युबेटर आणि मायकोप्लाझ्मा या सूक्ष्म जिवाणूची नियमित चाचणी लागते. मायकोप्लाझ्माने द्रव गढूळ होत नाही, त्यामुळे दूषित पेशींवर महिनोन्‌महिने काम होतं आणि कळतही नाही. त्यापेक्षा पेशींना आधार देणारा सांगाडा घ्या : सोया प्रथिनाचा सच्छिद्र तुकडा ३७ अंशांच्या माध्यमात आठवडाभर किती टिकतो, किती फुगतो, किती मऊ पडतो ते मोजा. प्रश्न खरा आहे आणि खर्चही झेपणारा.

प्रश्न : विद्यापीठात हा विषय शिकवतच नाहीत. सुरुवात कशी करावी?

उत्तर : स्वतंत्र अभ्यासक्रम मागितला की तो समित्यांमध्ये अडकतो. आहे त्यातच शिरकाव करा : जीवरसायनशास्त्रात वरचं एक प्रात्यक्षिक, रासायनिक अभियांत्रिकीत बायोरिॲक्टरचं (पेशी वाढवायच्या टाकीचं) एक गणित. शिक्षकांकडे जाताना कृती, साहित्याची यादी आणि लागणारे तास एका पानावर लिहून न्या. पर्यायी प्रथिनांवर काम करणाऱ्या गुड फूड इन्स्टिट्यूट या संस्थेच्या ‘ऑल्ट प्रोटीन प्रोजेक्ट’मध्ये २०२० पासून विद्यार्थ्यांचे गट काम करतात, आणि संस्थेचं बरंच अभ्याससाहित्य मोफत मिळतं. गटात दुसऱ्या वर्षाचे किमान दोघे जबाबदारीच्या जागी असू द्या, नाहीतर शेवटच्या वर्षाची मंडळी बाहेर पडली की कुलूप लागतं.