पृथ्वीची थरथर आणि इंटरनेटचे उपग्रह

प्रश्न : पृथ्वीचे मूळ कंपन सेकंदाला ७.८३ असते आणि इंटरनेटच्या उपग्रहांमुळे ते बिघडत चालले आहे, असा संदेश आमच्याकडे मोबाइलवर फिरतो आहे. कोयनेच्या धक्क्यांशी याचा काही संबंध असू शकतो का?
– एक वाचक, पाटण (जि. सातारा)

उत्तर : या संदेशात दोन निराळ्या गोष्टींची गल्लत झाली आहे. ७.८३ हा आकडा खरा आहे. मात्र तो जमिनीच्या हादऱ्यांचा नसून विद्युतचुंबकीय लहरींचा आहे. वळवाच्या दिवसांत दूर डोंगरावर वीज चमकली की घरातला रेडिओ क्षणभर खरखरतो, तो अशाच लहरींमुळे. जगभरात दर सेकंदाला चाळीस-पन्नास विजा चमकतात आणि त्यांच्या अतिशय कमी आवर्तनांच्या लहरी जमीन व आयनांबर (वातावरणाचा वरचा, विद्युतभारित थर) यांमधल्या, सुमारे ८० किलोमीटर उंचीच्या पोकळीत पृथ्वीभोवती फिरत राहतात. पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटर आणि लहरींचा वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटर, म्हणजे सेकंदात साधारण साडेसात फेऱ्या झाल्या; ७.८३ हा आकडा याच्याच जवळचा आहे. शूमान या जर्मन शास्त्रज्ञाने १९५२ मध्ये हे गणित मांडले. इंटरनेट पुरवणाऱ्या स्टारलिंकचे बहुतेक उपग्रह या पोकळीच्या कितीतरी वर, सुमारे पाचशे किलोमीटरच्या आसपास फिरतात आणि त्यांच्याकडून जमिनीकडे येणाऱ्या लहरींची आवर्तने सेकंदाला हजार कोटींहून अधिक असतात. त्यांनी ७.८३ बदलण्याचे काही कारण नाही.

जमिनीची मंद, अखंड थरथर ही वेगळी गोष्ट. ती मुख्यतः समुद्राच्या लाटांमुळे होते. समोरासमोरून येणाऱ्या लाटा एकमेकींना भिडल्या की त्यांचा दाब तळापर्यंत पोहोचतो. या थरथरीत वाहनांची आणि यंत्रांची भर पडते; २०२० च्या टाळेबंदीत ही माणसाची भर अनेक ठिकाणी निम्म्यापर्यंत उतरली होती. मांडणीवरची भांडी खणखणवणारे कोयनेचे धक्के मात्र खडकांतील भेगांमुळे बसतात आणि शिवसागर जलाशयातील पाण्याच्या दाबाशी त्यांचा संबंध जोडला जातो. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप पाटणकरांना सांगायला नको. तेव्हा आकाशात असे उपग्रह नव्हते.

उपग्रहांची खरी काळजी वेगळीच आहे आणि ती आम्हाला गंभीर वाटते. २०१९ च्या मे महिन्यात स्टारलिंकचे पहिले ६० उपग्रह एकत्र सोडले गेले. आज ते काही हजार आहेत. त्यांच्यातील विद्युत उपकरणांतून ११० ते १८८ मेगाहर्ट्झच्या (एक मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला दहा लाख आवर्तने) पट्ट्यात नकळत लहरी निसटतात, असे आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या युरोपातील रेडिओ दुर्बिणीने २०२३ मध्ये दाखवून दिले. नारायणगावजवळ खोडद येथील आपली महाकाय रेडिओ दुर्बीणही या पट्ट्यात दूरच्या दीर्घिकांचे अतिक्षीण संकेत ऐकते; निसटलेल्या लहरींत ते बुडून जाण्याची ही काळजी आहे.