इंग्रजीत परीक्षा ‘गिव्ह’ करतात की ‘टेक’?

ब्रिटिश आणि अमेरिकन इंग्रजीत परीक्षेला बसणारा विद्यार्थी ती ‘टेक’ करतो आणि ‘गिव्ह’ करतो तो परीक्षा घेणारा शिक्षक, म्हणजे मराठीच्या बरोबर उलट. आपण ‘परीक्षा देणे’चं शब्दशः भाषांतर करतो म्हणून चूक होते. कोणत्या नामासोबत कोणतं क्रियापद जाईल हे रूढीने ठरतं, तर्काने नाही. अशा रूढ जोडीला ‘कोलोकेशन’ म्हणतात. ‘करणे’ तर सर्वांत जास्त फसवतं, कारण इंग्रजीत त्याची ‘मेक’ आणि ‘डू’ अशी वाटणी होते:

- ‘मेक’: मिस्टेक, प्रॉमिस, फोन कॉल. ‘आय मेड अ मिस्टेक इन द फॉर्म.’
- ‘डू’: होमवर्क, शॉपिंग. ‘शी डिड हर शॉपिंग इन दादर.’

विशेषणांचंही तसंच. मुंबईचा पाऊस आणि ट्रॅफिक दोन्ही ‘हेवी’, वारा आणि चहा मात्र ‘स्ट्राँग’: ‘आय मिस्ड माय ट्रेन बिकॉज ऑफ हेवी रेन.’ शब्दकोशात जोडी शोधताना क्रियापद नव्हे, नाम उघडा. चांगल्या कोशात त्याखालीच चालणारी क्रियापदं दिलेली असतात. वहीत सुटा शब्द लिहू नका, पूर्ण वाक्य लिहा, म्हणजे ‘अ’, ‘द’ आणि ‘इन’ही सोबत पाठ होतात.

भारतीय इंग्रजीत ‘गिव्ह ॲन एक्झाम’ सर्रास चालतं, मुंबईत कुणी अडणार नाही. परदेशी विद्यापीठाच्या अर्जात मात्र ‘टेक’च लिहा. ‘टेक अ डिसिजन’ मात्र बिनधास्त वापरा, ब्रिटिश इंग्रजीत ते बरोबर आहे, फक्त ‘मेक’ जास्त प्रचलित.