‘स्थानिक प्रजाती विविधता’ : यात स्थानिक काय असतं?

ऐरोलीच्या एका वाचकांनी प्रश्न पाठवला आहे. त्यांच्या सोसायटीतली पक्षी पाहणारी मंडळी खाडीकाठच्या एका पाणथळ जागेसाठी मराठी माहितीफलक तयार करत आहेत. हाताशी असलेल्या टिपणात एक वाक्य आहे : ‘या पाणथळ जागेची स्थानिक प्रजाती विविधता व समृद्धी मोजण्यात आली.’ त्यावरून गटात वाद झाला. विविधता ‘स्थानिक’ असेल, तर बाहेरून येणारे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, मोजायचे की नाही? आणि समृद्धी, विविधता, वैविध्य हे एकच का?

रोहित मोजायचेच. ‘स्थानिक’ हे विशेषण इथे पक्ष्यांना लागत नाही, मोजमापाला लागतं. ‘स्थानिक प्रजातींची विविधता’ असा विग्रह केला तर पाहुणे पक्षी गळतात. ‘एका स्थानापुरती मोजलेली, प्रजातींची विविधता’ असा केला तर त्या जागी, त्या काळात जे जे आढळलं ते सगळं आत येतं. परिस्थितिविज्ञानाला, म्हणजे इकॉलॉजीला, हा दुसरा अर्थ हवा असतो.

घोटाळा होणं साहजिक आहे, कारण या शब्दावर आपल्याकडे आधीच बरंच ओझं आहे. नवी मुंबईत ‘स्थानिक’ म्हटलं की सिडकोचं शहर उभं राहण्याआधीपासून नांदणारी आगरी-कोळी गावं डोळ्यांपुढे येतात. पक्षीनिरीक्षक ‘स्थलांतरित’च्या विरुद्ध अर्थानं तो शब्द वापरतात, झाडं लावणारे ‘विदेशी’च्या विरुद्ध अर्थानं. जगात एकाच प्रदेशात सापडणाऱ्या जीवांनाही काही जण ‘स्थानिक’ म्हणतात. त्यांच्यासाठी ‘प्रदेशनिष्ठ’ हा नेमका शब्द मराठीत आहे आणि तोच वापरावा. विविधतेच्या मोजमापाला यांतल्या कुठल्याच अर्थाशी कर्तव्य नाही. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, गिरिपुष्प मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचं. तरीही एखाद्या सेक्टरमधल्या झाडांची विविधता काढताना ती दोन्ही वड-पिंपळाइतक्याच हक्कानं धरली जातात. म्हणून विविधतेचा आकडा मोठा दिसला, की तिथली देशी झाडं सुखरूप आहेत असा निष्कर्ष काढता येत नाही. फलकावर हे लिहायला जागा नसली, तरी लिहिणाऱ्याला ते ठाऊक असायला हवं.

या संकल्पनेला रूढ नाव मिळालं ते १९६० साली. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या सिस्कियू पर्वतातल्या वनस्पतींचा अभ्यास करताना परिस्थितिवैज्ञानिक रॉबर्ट व्हिटेकर यांनी तीन पातळ्या वेगळ्या केल्या. एका अधिवासातली विविधता ती अल्फा, एका अधिवासातून दुसऱ्यात जाताना होणारा बदल तो बीटा, आणि सगळ्या परिसराची मिळून गॅमा. तुमच्या टिपणातली ‘स्थानिक प्रजाती विविधता’ म्हणजे ही अल्फा.

ठाण्याकडे पाहिलं की या तीन पातळ्या का लागतात ते कळतं. खाडीकाठच्या कांदळवनात तिवराचंच राज्य आहे, तेव्हा झाडांपुरती तिथली अल्फा अगदी कमी भरणार. येऊरच्या जंगलात ती कितीतरी जास्त. पण येऊरमधून खाडीवर उतरलात तर झाडांची यादी जवळजवळ पूर्णपणे बदलते, म्हणजे बीटा मोठी. ठाण्याची एकूण विविधता, म्हणजे गॅमा, या दोहोंतून उभी राहते. खाऱ्या चिखलात, दिवसातून दोनदा चढणाऱ्या पाण्यात, मुळांना प्राणवायूची टंचाई असताना मोजकीच झाडं तग धरतात. कांदळवनाची अल्फा कमी असते ती यामुळे. ‘विविधता कमी’ हे वाचून कुणी त्या जागेला पडीक समजत असेल, तर तो शब्दाच्या अर्धवट ज्ञानातून केलेला अन्याय आहे. फलकावर आकडा द्याल तिथे हे कारणही द्या, असं मी आग्रहानं सांगेन.

‘स्थान’ किती मोठं, हेही ठरवावं लागतं. ठाणे खाडीतलं रोहित अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, ते सुमारे १,६९० हेक्टरांचं. २०२२मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेलेली ठाणे खाडी सुमारे ६,५२१ हेक्टरांची आहे. दोन्हींना आपण बोलताना ‘खाडी’च म्हणतो. क्षेत्र वाढलं की प्रजातींची यादी वाढत जाते, हा या शास्त्रातला जुना आणि भक्कम नियम आहे. तेव्हा हद्द न सांगता दिलेल्या आकड्याला अर्थ नाही.

आता ‘समृद्धी’. हा शब्द मला या अर्थी पटत नाही. मराठीत समृद्धी म्हणजे भरभराट, रेलचेल. हिवाळ्यात खाडीवर रोहितांचे हजारोंचे थवे उतरले, की आपण सहज म्हणू, ‘काय समृद्धी आहे!’ शास्त्रात मात्र समृद्धी म्हणजे निव्वळ किती प्रकार आढळले तो आकडा. छोटा रोहित एक दिसो की दहा हजार, यादीत भर एकाचीच. थव्यांच्या संख्येला ‘विपुलता’ म्हणतात. म्हणून ‘प्रजाती-समृद्धी’ऐवजी सरळ ‘प्रजाती-संख्या’ म्हणावं, आणि डोकी मोजली असतील तिथे ‘पक्ष्यांची संख्या’ असं स्पष्ट लिहावं.

विविधतेत या दोन्ही गोष्टी मिसळलेल्या असतात : प्रकार किती, आणि त्यांच्यात वाटणी कशी. कल्पनेतल्या दोन पाणथळ जागा घ्या. दोन्हीकडे १०० पक्षी, ५ प्रजाती. पहिलीकडे प्रत्येकी २०. दुसरीकडे एकाच प्रजातीचे ९६ आणि उरलेल्या चौघींचा एकेक. प्रजाती-संख्या सारखीच. पण दुसरीकडे तासभर बसलात तरी बहुधा एकच पक्षी पुन्हा पुन्हा दिसेल. हा फरक पकडायला निर्देशांक लागतात. क्लॉड शॅनन यांनी १९४८मध्ये संदेशवहनासाठी मांडलेलं सूत्र ‘पुढचा पक्षी कोणता, याची अनिश्चितता किती’ हे सांगतं. पहिल्या जागेला ते १.६१ देतं, दुसरीला ०.२२. एडवर्ड सिम्पसन यांचा १९४९चा निर्देशांक विचारतो, डोळे मिटून दोन पक्षी निवडले तर ते एकाच प्रजातीचे निघण्याची शक्यता किती. ही शक्यता जितकी जास्त तितकी विविधता कमी, म्हणून बरेच जण ती एकातून वजा करून लिहितात. नुसतं ‘सिम्पसन ०.८’ लिहिलं तर वाचणारा नेमका उलटा अर्थ लावू शकतो.

सामान्य वाचकासाठी मला सर्वांत आवडतो तो ‘प्रभावी प्रजाती-संख्या’ हा प्रकार. मार्क हिल यांनी १९७३मध्ये त्याची नीट घडी बसवली. निर्देशांकाचं रूपांतर करून तो सांगतो, की ही जागा समसमान वाटणी असलेल्या किती प्रजातींच्या तोडीची आहे. शॅननच्या आकड्यावरून वरच्या पहिल्या जागेचं उत्तर येतं ५, दुसरीचं सुमारे १.२५. हे कुणालाही समजतं. फलकावर आकडा द्यायचाच असेल तर हा द्या.

विविधता आणि वैविध्य यांत अर्थभेद नाही. दोन्ही ‘विविध’पासून झालेली भाववाचक नामं आहेत, एक ‘ता’ लावून, दुसरं आदिवृद्धी होऊन. दोन्ही प्रत्यय एकावर एक चढवून केलेलं ‘वैविध्यता’ मात्र चुकीचं. ‘सौंदर्यता’ आपण म्हणत नाही, तसंच हे. ‘जैवविविधता’ रूढ झाल्यामुळे इथे ‘विविधता’च ठेवावी.

तुम्ही विचारलं नाहीत, पण ‘प्रजाती’वरही थांबायला हवं. शाळेच्या पुस्तकातल्या वर्गीकरणात कुल, मग प्रजाती, मग जाती अशी उतरंड असते. म्हणजे तिथे प्रजाती ही जातीच्या वरची पायरी आहे, जिला ‘वंश’ असंही म्हणतात. वर्तमानपत्रांत मात्र सर्वांत खालच्या पायरीलाच ‘प्रजाती’ म्हटलं जातं. त्यामुळे गणती बदलू शकते : राखी बगळा आणि जांभळा बगळा हे दोघे शाळेच्या हिशेबानं एका प्रजातीच्या दोन जाती, वर्तमानपत्राच्या हिशेबानं दोन प्रजाती. मला ‘जाती’ अधिक काटेकोर वाटतो. पण त्या शब्दाला आपल्या समाजात चिकटलेला दुसरा अर्थ इतका जड आहे, की लोक तो टाळतात, हे मी समजू शकतो. फलकावर ‘प्रजाती’ चालेल, फक्त शेवटपर्यंत एकच अर्थ ठेवा.

मोजणी केव्हा केली तेही फलकावर यायला हवं. ओहोटीला पक्षी खाडीतल्या उघड्या चिखलावर पांगलेले असतात, भरती चढली की आतल्या पाणथळ जागांमध्ये येऊन बसतात. एकाच दिवशी एकाच जागेचे दोन वेगळे आकडे येतील आणि दोन्ही खरे असतील. शिवाय जास्त वेळ बसणाऱ्याला जास्त प्रजाती दिसतात, म्हणून दोन जागांची तुलना करताना वेळ आणि मेहनत सारखी हवी.

तेव्हा मूळ वाक्य मोडून असं लिहावं, असं सुचवतो : ‘या पाणथळ जागेच्या हद्दीत, भरतीच्या वेळी, इतके तास केलेल्या निरीक्षणात पक्ष्यांच्या इतक्या प्रजाती आढळल्या. त्यांत निवासी आणि स्थलांतरित दोन्ही धरले आहेत. प्रत्येक प्रजातीचे पक्षी किती होते हे लक्षात घेता, या जागेची विविधता समसमान वाटणीच्या इतक्या प्रजातींएवढी आहे.’ वाक्यं तीन झाली, जागा थोडी जास्त लागेल. फलकावरचं चित्र जरा लहान करा.