शोधनिबंध वाचताना आधी पद्धत पाहावी

प्रश्न : मी नंदुरबार जिल्ह्यातील एका रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात परिचारिका असून नोकरी सांभाळून पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग करते आहे. एका प्रकाशित शोधनिबंधाचे चिकित्सक परीक्षण लिहून द्यायचे आहे. तज्ज्ञांनी तपासूनच छापलेल्या निबंधात मी आणखी काय तपासायचे?
– एक वाचक, शहादा

उत्तर : तो निष्कर्ष आपल्या वॉर्डात लागू पडेल का, हे त्या तज्ज्ञांनी तपासलेले नसते, ते आपणच पाहायचे असते. त्यासाठी सारांश बाजूला ठेवून आधी संशोधन पद्धतीचा भाग वाचावा, असा माझा आग्रह आहे.

परिचर्येच्या प्रबंधांत एक आराखडा वारंवार आढळतो : मातांच्या एकाच गटाची पूर्वचाचणी, मग आरोग्यशिक्षण आणि आठवड्याने त्याच प्रश्नावलीवर उत्तरचाचणी. गुण वाढतात, पी-व्हॅल्यू (प्रत्यक्षात काहीच परिणाम नसतानाही इतका फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता) ०.०५ पेक्षा कमी येते आणि उपक्रम परिणामकारक ठरतो. परंतु तुलनेला दुसरा गटच नसल्याने गुण शिकवण्यामुळे वाढले, तेच प्रश्न पुन्हा आल्यामुळे वाढले, की मधल्या काळात आशाताई घरी येऊन गेल्यामुळे, हे सांगता येत नाही. शिवाय कागदावरचे गुण वाढले म्हणून बाळाला घेण्यापूर्वी हात धुतले जातातच असे नाही.

याउलट, आपल्या कामाशी निगडित असलेला, २०२१ साली प्रसिद्ध झालेला तात्काळ कांगारू मातृसेवेचा, म्हणजे बाळ स्थिर होण्याची वाट न पाहता त्याला आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवण्याचा, अभ्यास पाहावा. भारतासह पाच देशांतील, १ ते १.८ किलोच्या दरम्यान वजन असलेली ३,२११ बाळे त्यात यादृच्छिक पद्धतीने (चिठ्ठ्या टाकल्यासारखी) दोन गटांत विभागली होती. पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू तात्काळ सेवेच्या गटात १२ टक्के, तर बाळ स्थिर झाल्यावर सेवा सुरू केलेल्या गटात १५.७ टक्के होते. सापेक्ष जोखीम (एका गटातील धोका दुसऱ्याच्या किती पट; १ म्हणजे दोन्हीकडे सारखाच) ०.७५ असून तिचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा आकडा ज्या मर्यादांत असावा असा अंदाज, ०.६४ ते ०.८९ आहे. त्यात १ हा आकडा येत नाही, म्हणून हा फरक केवळ योगायोगाचा मानणे कठीण जाते. कोणत्या बाळाला कोणती सेवा मिळते हे कर्मचाऱ्यांपासून लपवणे शक्य नव्हते. मात्र मृत्यूची नोंद पाहणाऱ्याच्या मतानुसार बदलत नाही, त्यामुळे ही उणीव येथे फारशी बाधक ठरत नाही. वेदना किंवा समाधान मोजले असते, तर तीच उणीव गंभीर ठरली असती.

निधी कोणी दिला, नैतिक समितीची मान्यता होती का आणि चाचणीच्या नोंदणीत आधी जाहीर केलेला मुख्य परिणामच निबंधात मांडला आहे का, हेही पाहावे. भारतातील अशा चाचण्यांसाठी २००७ पासून सीटीआरआय (क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया) ही नोंदवही खुली आहे.

मात्र परीक्षणाची अधिक पाने आपल्या परिस्थितीवर खर्च करावीत. त्या अभ्यासात बाळ दिवसाकाठी सुमारे १७ तास उराशी होते आणि त्यासाठी आईची खाट अतिदक्षता कक्षातच ठेवली होती. अक्कलकुवा किंवा धडगावहून आलेल्या, घरी दुसरे लहान मूल असलेल्या मातेला इतके तास देता येतील का, तिच्याऐवजी आजी किंवा मावशी बाळाला घेऊ शकेल का, आपल्या कक्षात मातेच्या खाटेला जागा आहे का आणि मे महिन्याच्या उकाड्यात बाळाचे तापमान किती वेळा तपासावे लागेल, याची उत्तरे त्या पाड्यांवरच्या मातांना रोज भेटणारी आपल्यासारखी परिचारिकाच लिहू शकते.