तबकडीतले बालगंधर्व : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

जुन्या ध्वनिमुद्रिका नीट करणं आणि त्यांतलं गाणं उतरवून घेणं हे काम मी गेली तीसेक वर्षं करतो आहे. बालगंधर्वांवर लिहिलं की पत्रांचा ओघ सुरू होतो, आणि दहांतल्या सात पत्रांत तेच गैरसमज असतात. काहींची उत्तरं एका ओळीत संपतात. एका प्रश्नाला मात्र जास्त जागा दिली आहे, कारण तिथे चूक झाली तर ती पुन्हा दुरुस्त होत नाही.

‘बालगंधर्व’ ही पदवी खरोखर लोकमान्य टिळकांनी दिली का? (वाचक, नाशिक)

हो. १८९८ साली पुण्यात, नारायण श्रीपाद राजहंस दहा वर्षांचे असताना.

सवाई गंधर्व, छोटा गंधर्व, कुमार गंधर्व हे सगळे एकाच घराण्यातले नातेवाईक ना? (वाचक, बंगळूर)

नाहीत. सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, छोटा गंधर्व म्हणजे सौदागर गोरे आणि कुमार गंधर्व म्हणजे शिवपुत्र कोमकली. रक्ताचं नातं कुणाचंच कुणाशी नाही.

माझ्या फोनवर बालगंधर्वांच्या मूळ आवाजातली पदं आहेत, अगदी स्वच्छ, खरखर नाही. कुणी म्हणतं ती सिनेमातली. कसं ओळखावं? (वाचक, ठाणे)

बहुधा ती २०११ सालच्या ‘बालगंधर्व’ चित्रपटातली आहेत. पडद्यावर सुबोध भावे आणि आवाज आनंद भाटे यांचा. भाट्यांना त्या गायनासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो योग्यच मिळाला, पण त्यांचं गाणं बालगंधर्वांच्या नावावर फिरवणं हा दोघांवरही अन्याय आहे. लाखेच्या तबकडीवरून उतरवलेल्या गाण्यात खरखर असतेच. ती जराही नसेल तर पुढे पाठवण्याआधी जाणत्या माणसाला ऐकवा.

‘मानापमाना’च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी त्यांची मुलगी गेली आणि तरी ते उभे राहिले, ही गोष्ट खरी की रचलेली? (वाचक, सातारा)

खरी आहे. १२ मार्च १९११, मुंबई. खाडिलकरांचं नवं नाटक, गोविंदराव टेंब्यांच्या चाली, किर्लोस्कर मंडळीचा प्रयोग. घरात लहान लेकीचा मृत्यू झाला होता आणि रात्री त्यांनी भामिनी, म्हणजे नाटकाची नायिका, उभी केली. एवढंच सांगावं आणि थांबावं. मला येणाऱ्या चित्रफितींत या प्रसंगाला रडकं संगीत लावलेलं असतं, आणि नायकाच्या तोंडी अशी वाक्यं असतात जी कुठल्याही आठवणीत सापडत नाहीत. बाप होता तो. त्याच्या दुःखाला आपण संवाद लिहून देऊ नयेत.

अत्तर आणि शालू यांपायी त्यांनी कंपनी बुडवली, असं आमचे एक नातेवाईक ठामपणे सांगतात. (वाचक, बडोदा)

नातेवाइकांना एवढंच सांगा की अत्तराच्या बाटलीने नाटक कंपनी बुडत नाही. १९१३ साली गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी निघाली. पुढे दोघेही वेगळे झाले आणि सगळा भार एका गवयाच्या खांद्यावर आला. हा गवई हिशेबाचा माणूस नव्हता, हे कबूल करावंच लागेल. खऱ्या जरीची वस्त्रं, ऑर्गन, सारंगीला कादरबक्ष, तबल्याला अहमदजान थिरकवाँ, आणि साऱ्या बिऱ्हाडाचं जेवणखाण. १९२१ च्या सुमारास कर्ज लाखाच्या वर गेलं होतं. त्याच वर्षी ८ जुलैला मुंबईत केशवराव भोसल्यांबरोबर संयुक्त ‘मानापमान’ झालं, आणि त्याचं उत्पन्न टिळक स्वराज्य फंडाला दिलं गेलं. कर्जदार माणसाने केलेला हा प्रयोग आहे, हे विसरून चालणार नाही. ते कर्ज त्यांनी पुढे कित्येक वर्षं गाऊन फेडलं.

खरा घाव बोलपटाने घातला. १९३१ साली हिंदी बोलपट आला, १९३२ साली मराठी. सिनेमाचं तिकीट स्वस्त, तोच खेळ रोज तीनदा, आणि पन्नास माणसांचं बिऱ्हाड गावोगाव हलवायला नको. त्या काळात एकेक करून कितीतरी संगीत मंडळ्या बंद पडल्या. त्या सगळ्यांनी काही अत्तर उडवलं नव्हतं. १९३५ साली बालगंधर्वांनी प्रभातच्या ‘धर्मात्मा’मध्ये एकनाथांची, म्हणजे पुरुषाची, भूमिका केली आणि त्या धंद्यात न रमता ते रंगभूमीकडे परतले. नेमके आकडे हवे असतील तर रंगभूमीच्या इतिहासाच्या अभ्यासकाकडे जा. लग्नाच्या पंगतीत ऐकलेलं प्रमाण मानू नका.

बालगंधर्वांनी कलकत्त्याच्या प्रसिद्ध गौहर जान यांच्याशी लग्न केलं होतं, असं वाचलं. (वाचक, पुणे)

चूक. हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतोच. कलकत्त्याच्या गौहर जान यांनी १९०२ साली ग्रामोफोनसाठी गाऊन ठेवलं. त्या जानेवारी १९३० मध्ये म्हैसूरला वारल्या. बालगंधर्वांच्या आयुष्यात आल्या त्या गोहरबाई कर्नाटकी, गायिका-अभिनेत्री अमीरबाई कर्नाटकींच्या भगिनी. त्या १९३८ साली कंपनीत आल्या. पत्नी लक्ष्मीबाई १९४० साली वारल्या आणि १९५१ साली बालगंधर्व आणि गोहरबाई यांचा विवाह झाला. रणजित फिल्म कंपनीच्या नटी गोहर या तिसऱ्याच.

जुन्या बाजारात एका गोहरची तबकडी दुसरीच्या नावाने खपवणारे आहेत. लेबलवरचं पूर्ण नाव, नाटकाचं नाव आणि क्रमांक वाचल्याशिवाय पैसे मोजू नका. आणि उतारवयातल्या सगळ्या हालअपेष्टांचं खापर त्या बाईंच्या डोक्यावर फोडायची जी जुनी खोड आहे, तिला मी उत्तर देत नाही.

आजोबांच्या ट्रंकेत बालगंधर्वांच्या चाळीसेक तबकड्या सापडल्या. पांढरी बुरशी आली आहे. शेजारी म्हणतात स्पिरिटने पुसा. एक दुकानदार फुकटात पेन ड्राइव्हवर गाणी घालून द्यायला तयार आहे, फक्त तबकड्या त्याच्याकडे राहतील. घाई आहे असं नाही, दिवाळीनंतर बघू म्हणतो. (वाचक, सांगली)

घाई आहे. आणि स्पिरिटची बाटली आधी घराबाहेर ठेवा.

ही तबकडी कशाची असते ते समजून घ्या. लाख, दगडाची बारीक पूड आणि काजळी. सुतार लाकडाला पॉलिश करतो तेव्हा काय करतो? लाखदाणा स्पिरिटमध्ये टाकतो आणि तो विरघळला की बोळ्याने लावतो. तुम्ही तबकडीवर स्पिरिट लावाल तेव्हा नेमकं हेच होईल, फक्त विरघळेल ते बालगंधर्वांचं गाणं. सांगली जिल्ह्यातल्याच एका वाड्यात मला काही वर्षांपूर्वी बोलावलं होतं. घरच्यांनी ‘स्वयंवरा’तल्या पदाची तबकडी कापसाने, स्पिरिट लावून, मनापासून पुसली होती. बोळा काळा-तपकिरी होत होता, आणि त्यांना वाटलं शंभर वर्षांचा मळ निघतोय. निघत होती ती लाख. कडेपासून दोन बोटं रुंदीचा पट्टा राखाडी, गुळगुळीत झालेला. मी पिकअप, म्हणजे सुई धरणारा भाग, तबकडीवर ठेवला. फूऽऽस असा आवाज येत राहिला, आणि गाणं थेट दुसऱ्या ओळीच्या मध्यावर सुरू झालं. पदाचा उठाव गेला तो गेला. त्या घरातल्या आजी तबकडीकडे न बघता खिडकीबाहेर बघत होत्या.

म्हणून सांगतो ते क्रमाने करा. तबकड्या आडव्या एकावर एक असतील तर आधी उभ्या करा, पुस्तकांसारख्या, प्रत्येकीला स्वच्छ कागदी पाकीट. आडव्या ढिगात खालची वाकते किंवा तडकते. ट्रंक माळ्यावर पत्र्याखाली असेल तर खाली आणा. बुरशी कोरड्या मऊ ब्रशने, खाचांच्या दिशेने गोल, घराबाहेर झाडा, नाकाला फडकं बांधून. ओलं करायचंच झालं तर डिस्टिल्ड वॉटर, त्यात सौम्य साबणाचे दोनच थेंब, मऊ फडकं, लेबलाला पाणी लागू न देता, आणि लगेच टिपून सावलीत उभं वाळवणं. पण हेसुद्धा आधी सर्वांत सामान्य, फुटलेल्या एखाद्या तबकडीवर करून बघा. काळी दिसणारी प्रत्येक तबकडी लाखेची नसते. काहींच्या आत ॲल्युमिनियमचा पत्रा आणि वर नाजूक लेप असतो. त्यांना हातच लावू नका.

चावीच्या ग्रामोफोनवर हौसेने वाजवून बघू नका. त्याचा साउंडबॉक्स शंभर ग्रॅमच्या वर भार टाकतो आणि पोलादी पिन प्रत्येक वाजवण्यात खाच खरवडते. त्या काळी एका बाजूला एक पिन वापरून टाकून देत, ते उगीच नाही. एलपीचा रेकॉर्ड प्लेअरही नको. त्याची सुई या खाचेला बारीक पडते, तळाशी घासत जाते. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या या तबकडीसाठी जाड टोकाची वेगळी सुई आणि हलका पिकअप लागतो.

आता तो दुकानदार. फुकट काही नाही. चाळीस तबकड्यांतल्या दोन-तीन दुर्मिळ असतील तर त्याचं काम झालं. तुमच्या हाती पेन ड्राइव्ह येईल, त्यावरची गाणी कदाचित तुमच्या तबकड्यांवरून नव्हे, इंटरनेटवरून घेतलेली असतील, आणि ते तुम्हाला कळणारही नाही. तबकड्या हातातून सोडायच्या नाहीत. आज बसून वहीत यादी करा: लेबलावरचा मजकूर, क्रमांक, आणि दोन्ही बाजूंना लेबल आणि खाचा यांच्या मधल्या मोकळ्या जागेत कोरलेले आकडे. फोनने फोटो काढा. ती यादी घेऊन मुंबईच्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्ससारख्या संस्थेतल्या किंवा विद्यापीठाच्या संगीत विभागातल्या माणसाशी बोला. उतरवून घेताना शेजारी बसा आणि तबकड्या त्याच दिवशी घरी आणा.

दिवाळीनंतर म्हणता. मधे सगळा पावसाळा आहे. बुरशी लाखेच्या वरच्या थरात शिरली की खाचांत खड्डे पडतात आणि ते कुठलाही संगणक भरून काढत नाही. रंगमंचावरचे बालगंधर्व पाहिलेली माणसं आता जवळजवळ उरली नाहीत. रात्र रात्र चाललेले प्रयोग, वन्समोअर, सगळं गेलं. एका बाजूला तीन मिनिटं याप्रमाणे जे लाखेत उरलंय, तेवढंच त्यांचं स्वतःचं आहे. ते तुमच्या ट्रंकेत पडलं आहे आणि तुम्ही दिवाळीची वाट बघता, याचा मला मनापासून त्रास होतो.

त्यांचा आवाज रेकॉर्डवर इतका पातळ, घाईचा का लागतो? खरंच तसा होता का? (वाचक, कोल्हापूर)

बहुधा तुम्ही चुकीच्या वेगाने उतरवलेलं ऐकता आहात. मिनिटाला ७८ फेऱ्यांची तबकडी साडेब्याऐंशीच्या वेगाने फिरवली की सगळं गाणं जवळजवळ अर्ध्या सुराने वर चढतं आणि तीन मिनिटांचं पद दोन मिनिटं पन्नास सेकंदांत संपतं. तान जास्त चपळ भासते, श्वास तुटका वाटतो, आणि लयीतला तो मोठा, निवांत ठहराव नाहीसा होतो. भास्करबुवा बखल्यांच्या या शिष्याचं सगळं मोठेपण त्या ठहरावात आहे. त्यातून वर ‘रिमास्टर’ म्हणून घुमारा आणि नवा तबला चढवतात. अशी आवृत्ती विकत घेऊ नका.

जुन्या तबकड्या सगळ्या नेमक्या ७८ वरच भरलेल्या नसत, हीही अडचण आहे. साथीचा ऑर्गन कोणत्या स्वराशी जुळतो हे जुन्या ऑर्गनच्या जाणकाराला विचारून ठरवावं लागतं. एकट्याने कानावर विसंबून ठरवू नये. मीही ठरवत नाही.

मुलगा चौदा वर्षांचा आहे. यूट्यूबवर ऐकून बालगंधर्वांची पदं त्याच उंच पट्टीत म्हणतो. महिनाभर आवाज बसलेला आहे. काढा चालू आहे. (वाचक, इंदूर)

गाणं आज थांबवा आणि याच आठवड्यात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. आवाज फुटायच्या वयात घशावर जोर देणं धोक्याचं, आणि तीन आठवड्यांहून जास्त बसलेल्या आवाजाला काढा हे उत्तर नव्हे. पट्टी कोणती ते नंतर गुरू ठरवतील.

रुक्मिणीच्या भूमिकेतला बालगंधर्वांचा शालू विकत मिळतो आहे, प्रमाणपत्रासह. घ्यावा का? (वाचक, न्यू जर्सी)

प्रमाणपत्र विकणाऱ्यानेच दिलं असेल तर तो फक्त कागद आहे. शालू कुणाच्या हातून कुणाकडे आला ती साखळी मागा, आणि वस्त्रांच्या जाणकाराला दाखवल्याखेरीज आगाऊ रक्कमसुद्धा देऊ नका.

त्यांची पदं माझ्या माहितीपटात वापरली तर हक्काचा प्रश्न येईल का? (वाचक, मुंबई)

आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो, म्हणून १९३० च्या आसपासच्या तबकड्यांची मुदत कधीच संपली. पण पदकर्त्याचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरच्या ६० वर्षांवर अवलंबून. गडकरी १९१९ साली वारले, खाडिलकर १९४८ साली. नंतरच्या पदकर्त्यांचं गणित वेगळं. कुणी नव्याने वाद्यं घालून केलेली आवृत्ती तर सरळ त्याची. एकेका पदाची यादी करा आणि कॉपीराइटच्या वकिलाकडून लेखी सल्ला घ्या, तोही संकलनाला बसण्याआधी.

काकांनी टेपरेकॉर्डरवर घेतलेला बालगंधर्वांच्या उतारवयातल्या भजनाचा स्पूल आहे. डबा उघडला की व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. घरचं मशीन अजून चालतं, लावून बघू का? (वाचक, बेळगाव)

लावू नका. तो वास म्हणजे फीत सडायला लागली आहे. मशीनवर ओढली तर तुटेल किंवा तिचा थर मशीनच्या हेडला, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागाला, चिकटून निघेल. डबा बंद न ठेवता कोरड्या, गार जागी, बाकीच्या स्पूलांपासून लांब ठेवा, डब्यावरचा काकांच्या हातचा मजकूर उतरवून घ्या, आणि फिती हाताळणाऱ्या माणसाला उद्याच फोन करा.