स्फोटकांची प्रयोगशाळा आणि रसायनशास्त्राची पदवी

आदरणीय ताई, सप्रेम नमस्कार.

आपली कन्या कराडला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षात रसायनशास्त्र शिकते आहे. कॉलेजच्या प्रदर्शनासाठी पुण्याच्या हाय एनर्जी मटेरियल्स रिसर्च लॅबोरेटरीचा, म्हणजे स्फोटकांवर संशोधन करणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेचा, इतिहास जमवल्यापासून तिथेच काम करायचे तिने मनावर घेतले आहे. मात्र ‘तिथे इंजिनिअरच लागतात, शिवाय काम जिवावरचे’ असे घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे आहे, असे आपण लिहिता. यातल्या पहिल्या शंकेचे उत्तर तिने जमवलेल्या इतिहासातच आहे.

ही संस्था सुरू झाली १९०८ मध्ये नैनिताल येथे, आणि तीही लष्करी दारूगोळ्याची रासायनिक तपासणी करणारे कार्यालय म्हणून. पुढे ती खडकीला आली, जिथे १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना होता. अशा तपासणीची गरज का भासे, हे मुलीला आवर्जून समजावून सांगावे. त्या काळी तोफांमध्ये गोळा फेकण्यासाठी वापरले जाणारे कॉर्डाइट हे स्फोटक कोठारात नुसते पडून असले, तरी हळूहळू विघटन पावते, त्यातून नायट्रोजनची ऑक्साइडे सुटतात आणि तीच पुढच्या विघटनाला वेग देतात. उष्ण हवेत हे अधिकच लवकर घडते. म्हणून नमुना परीक्षानळीत घालून ठराविक तापमानाला तापवायचा, वर आयोडाइड आणि स्टार्चचा अर्धवट ओलवलेला कागद टांगायचा, आणि ओल्या-कोरड्या भागांच्या सीमेवर तपकिरी रेघ उमटायला किती मिनिटे लागतात ते घड्याळ लावून पाहायचे. ही ॲबेल चाचणी म्हणजे निखळ रसायनशास्त्र आहे.

१९५८ मध्ये डीआरडीओ या केंद्र सरकारच्या संरक्षण संशोधन संस्थेची स्थापना झाली, १९६० मध्ये या तपासणी कार्यालयातूनच स्फोटकांच्या संशोधनासाठी ‘ईआरडीएल’ ही प्रयोगशाळा आकाराला आली आणि १९९५ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. ४४ सेकंदांत १२ रॉकेटे सोडणाऱ्या ‘पिनाका’ या लष्करी रॉकेट-यंत्रणेची रचना पुण्यातल्याच पाषाणच्या ‘एआरडीई’ या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेने केली, पण त्या रॉकेटांचे इंधन या प्रयोगशाळेचे. इंजिनिअर तिथे हवेतच, पण रसायनतज्ज्ञाला बाजूला सारून ही संस्था कधीच चाललेली नाही.

धोका नाही असे मी म्हणणार नाही. मात्र या क्षेत्रात नवा पदार्थ आधी अगदी थोड्या प्रमाणात बनवतात, आघात, घर्षण आणि उष्णता यांना तो कसा वागतो हे तपासतात, आणि मगच प्रमाण वाढवतात. उतावळ्या माणसाचे हे काम नव्हे. आपली मुलगी शांत आणि टापटिपीची आहे असे आपण लिहिले, ते मला फार मोलाचे वाटते.

आता पुढची वाट. तिने एम.एस्सी. करावी आणि प्रवेशासाठी आयआयटींसारख्या संस्थांच्या ‘जॅम’ या प्रवेशपरीक्षेची तयारी लगेच धरावी. डीआरडीओत शास्त्रज्ञपदाची निवड सामान्यतः रसायनशास्त्रातील ‘गेट’ या राष्ट्रीय परीक्षेचे गुण आणि मुलाखत यांवर होते, आणि त्यासाठी प्रथम श्रेणी लागते; ‘नेट’ ही पात्रता परीक्षा किंवा ‘गेट’ उत्तीर्ण झाल्यावर संशोधन छात्रवृत्तीनेही आत शिरता येते. केवळ बी.एस्सी.वर तांत्रिक साहाय्यकाची पदे असतात, पण तिचा ओढा संशोधनाकडे असताना तेवढ्यावर थांबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

जागा थोड्या असतात आणि दर वर्षी रसायनशास्त्राच्या निघतीलच असे नाही. तसे झाले तरी शिक्षण वाया जात नाही: स्फोटकांच्या सुरक्षिततेवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय नागपूरला आहे, त्या परिसरात खासगी स्फोटक कारखाने आहेत, आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळांनाही याच विषयाची माणसे लागतात.